‘त्वालेत’ला मराठीत काय म्हणाल?

विचारणा : फ्रेंच चित्रकार शार्दँ याच्या तैलचित्रावरून ल बा याने १७४१ मध्ये एक एन्ग्रेव्हिंग, म्हणजे धातूवर कोरून छापलेलं चित्र, केलं. मूळ चित्र स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. नाव ‘ल नेग्लिझे’ किंवा ‘त्वालेत द्यु मातँ’, म्हणजे ‘सकाळचं त्वालेत’. भल्या सकाळी आई मुलीच्या टोपीची फीत सारखी करते आहे, मुलगी तिरक्या नजरेने आरशात बघते आहे. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा धूर अजून निघतोय. प्रार्थनेचं पुस्तक तयार आहे, चर्चला निघायचंय. मी त्याचा मराठी मथळा केला ‘सकाळचे प्रसाधन’. घरात सगळे हसले!

उत्तर १ : हसणारच हो. नाट्यगृहातली ‘प्रसाधनगृह’ ही पाटी डोळ्यांपुढे येते. पण गंमत बघा, ‘त्वालेत’ आणि ‘प्रसाधन’ या दोन्ही शब्दांची वाट एकच. ‘त्वाल’ म्हणजे कापड, ‘त्वालेत’ म्हणजे छोटं कापड. ते आरशाच्या टेबलावर अंथरायचे. मग त्यावरच्या डब्या-फण्या, मग नटणं हाच अर्थ झाला. पुढे इंग्रजीत ‘टॉयलेट’ म्हणजे नटायची खोली आणि शेवटी संडास. आपलं ‘प्रसाधन’ही संस्कृतात सजणं-सजवणंच. ‘सौंदर्यप्रसाधने’ म्हटलं की अजून सुवास येतो, नुसतं ‘प्रसाधनगृह’ म्हटलं की नाकाला रुमाल. मी ‘सकाळची वेणीफणी’ म्हणेन.

उत्तर २ : वेणी कुठेय? केस तर टोपीखाली आहेत. आणि ‘नेग्लिझे’ला आजच्या झिरझिरीत रात्रपोशाखाचा अर्थ चिकटवू नका. तेव्हा तो सकाळचा साधा, अनौपचारिक पोशाख होता.

विचारणा : बरं. आणि एन्ग्रेव्हिंगला? ‘कोरीव चित्र’ म्हटलं तर लेणी आठवतात, ‘ताम्रपट’ म्हटलं तर शिलाहारांचं दानपत्र.

उत्तर १ : ‘ठसा’ही नको. रबरी ठशात उंच भागाला शाई लागते. इथे उलट. कोरणीने तांब्यात चर पाडायचे, शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद त्यावर दाबायचा. चरांतली शाई कागद ओढून घेतो. कलाशाळेत ‘मुद्राचित्र’ म्हणतात. पहिल्यांदा ‘तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं’ असं लिहा, पुढे ‘मुद्राचित्र’ चालेल.

उत्तर ३ : मंडळी, इतकं लांब कशाला? बाहेर पडायच्या आधी दारातून आई काय ओरडते? “आवरलं का गं?” तोंड धुणं, केस, कपडे, टिकली, सगळं त्या एका क्रियापदात येतं, आणि उशीर होतोय हेही. धुराची मेणबत्ती तेच सांगते. मुद्राचित्राखालच्या ओळींचा सूर असा, की शहाणपण येण्याआधीच ही पोर आरशाचा सल्ला घेते. म्हणजे आईचं आवरून झालंय, मुलीचं नाही.

उत्तर २ : ‘आवरणं’ पटलं. फक्त ‘आवराआवर’ लिहू नका, लोकांना माळा साफ केल्यासारखं वाटेल.

विचारणा : ‘आवरताना’ असा मथळा करते.