थिसिसची नोंदणी करताना मदत कुणाची, ते खरं लिहा

बालाघाटकर:
पीजी थिसिसची चाचणी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदवताना ‘आर्थिक किंवा वस्तुरूप मदतीचा स्रोत’ असा रकाना येतो. तिथे डोळे झाकून कॉलेजचं नाव टाकू नका. कंपनीने औषध किंवा किट फुकट दिलं असेल, तर तीही मदतच आहे. प्रायोजकाचा रकाना वेगळा आहे. चाचणीची जबाबदारी कॉलेजची आणि औषध कंपनीचं, असं असू शकतं. मग दोन्ही लिहा.

रेसिडेंट_अंबाजोगाई:
सर, थिसिसला फंड कुठंय? झेरॉक्सपासून सगळं आमच्या खिशातून. एमआरने, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीने, चार बॉक्स गोळ्या दिल्या म्हणून कंपनीचं नाव टाकलं, तर व्हायव्हात परीक्षक पहिलं बोट त्यावरच ठेवणार. उद्या गोळ्या बंद झाल्या तर केजचा, धारूरचा पेशंट त्या बाहेरून घेणार आहे का?

बालाघाटकर:
त्या पेशंटसाठीच सांगतोय. जी गोळी तपासताय तीच कंपनीकडून आली असेल, तर बॉक्स किती हे गौण आहे. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात दिसलं, की उत्पादक कंपनीच्या पैशावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष तिच्या बाजूने जास्त वेळा लागतात. आकडे खोटेच असतात असं नाही. तुलना कशाशी करायची, मोजायचं काय, इथूनच कल पडू शकतो. निधी कुठून आला हे सहभागी माणसाला सांगावं, असं माणसांवरच्या संशोधनाची नीतितत्त्वं सांगणारा हेल्सिंकी जाहीरनामाही म्हणतो. संमतीपत्रावर अंगठा घेताना आपण ते सांगतो का?

लातूरच्या_मॅडम:
मला हा आग्रह पटत नाही. औषध महानियंत्रकांनी जून 2009 पासून चाचण्यांना नोंदणी सक्तीची केली, एप्रिल 2018 पासून तर पहिला रुग्ण घेण्याआधीच ती हवी. रकाने भरतात हो, पण खरंखोटं कोण पडताळतं? कंपनीचं पत्र एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीपुढे, ठेवा. ते वाचून प्रश्न विचारणारी माणसं तिथे आहेत.

गोदाकाठ_नांदेड:
मॅडम, कमिटीची फाइल आम्हा बाहेरच्यांना दिसत नाही. सीटीआरआय कुणालाही उघडता येतं. पुढे कुणी असे दहा अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढेल, त्याला हाच रकाना लागेल. मदत मध्येच मिळाली तर नोंद दुरुस्त करा, केलेले बदलही तिथे दिसतात.

रेसिडेंट_अंबाजोगाई:
दुरुस्ती जमेल. पण गाईडसरांना हे ज्युनिअरने सांगायचं? फुकटचं औषध, किट, सगळं लिहायचं, असं पत्रक कॉलेजनेच काढावं. सगळ्यांनी लिहिलं तर मीही लिहीन. एकट्याने नाही.