लेक ‘सीआयडी’ पाहून फॉरेन्सिकला चालली: सोसायटी ग्रुपवरची रविवारची चर्चा

ब-३०४ ताई (सकाळी ९:१२)
सुप्रभात सगळ्यांना. आनंदाची बातमी आहे, थोडी काळजीचीपण. आमच्या लेकीला इथल्याच शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला. सासरकडून कालपासून फोनावर फोन येऊन राहिले. “टीव्हीवरची मालिका पाहून शिक्षण ठरवते काय पोरगी?” खोटं कशाला बोलू, सातवीपासून ती जुने एपिसोड लावून बसते. तुम्ही मोठी माणसं आहात, मोकळेपणानं सांगा.

अ-२०१ काकू (९:१६)
अरे वा! आधी अभिनंदन. पेढे संध्याकाळी घ्यायला येते.
आणि ताई, त्या मालिकेला नावं नका ठेवू बाप्पा. आमचे हे शुक्रवारी रात्री कूलर बंद करायचे, घरघरीत मालिकेतल्या लॅबवाल्या डॉ. साळुंखेंचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून. मे महिन्यात, नागपुरात, कूलर बंद! एक तास घामाघूम बसायचो, पण खुनी कोण ते कळल्याशिवाय कोणी उठत नव्हतं.

क-१०३ दादा (९:२४)
मी व्हिडिओ एडिटिंग करतो म्हणून सांगतो. २००४ मध्ये ‘सीआयडी’वाल्यांनी १११ मिनिटांचा एपिसोड एकही कट न घेता शूट केला होता. गिनीज बुकात नोंद आहे. एक नट वाक्य विसरला, एक लाईट चुकला की सगळं पहिल्यापासून. आज मोबाईलवर दोन मिनिटांचा सलग शॉट घेताना माझे हात थरथरतात.

अ-४०२ आजोबा (९:३८)
‘सीआयडी’ १९९८ मध्ये सुरू झाली, म्हणून सगळे तिथपासून मोजतात. मुळं त्याच्याही आधीची आहेत. मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ नावाची मराठी मालिका लागायची, पोलिसांच्या १०० नंबरवरून नाव. दिग्दर्शक बी. पी. सिंग, आणि त्यात शिवाजी साटम होते. पुढे तेच सिंग आणि तेच साटम सोनीवर ‘सीआयडी’ घेऊन आले. सिंग दूरदर्शनमध्ये कॅमेरामन होते. म्हणून तर त्यांचा पोलीस हवेत उडत नाही, गाणं म्हणत नाही. येतो, वाकून पाहतो, प्रश्न विचारतो. देशभर हिंदीत गाजलेल्या या मालिकेचा एक पाय मराठी मालिकेत होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

क-३०१ भाऊ (९:४७)
मला नाही पटत. चोरांना हातमोजे घालायला याच मालिकांनी शिकवलं. आणि पोरं जिन्यात खेळताना कोणाचंही दार धडाधड वाजवतात, “दया, दरवाजा तोड दो” ओरडत. ब-१०१ मधल्या आजींचं बीपी वाढलं होतं मागच्या महिन्यात.

ब-२०२ वकील ताई (९:५५)
दाराचं पोरांना समजावू, भाऊ. माझी तक्रार वेगळी आहे. मालिकेत शेवटी दया एक थोबाडीत देतो आणि आरोपी घडाघडा बोलायला लागतो. माझ्याकडे येणारे अशिलाचे नातेवाईकसुद्धा विचारतात, “मॅडम, त्यानं पोलिसांसमोर कबूल केलं, आता केस संपली ना?” नाही संपली. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २३ आहे. इंग्रजांच्या काळापासूनचा नियम आहे, आणि मारून कबूल करवून घेऊ नये म्हणूनच आहे. आणि एसीपी प्रद्युमन ज्याला त्याला सांगतात की आता फाशी होणार. शिक्षा ठरवणं कोर्टाचं काम आहे. वीस वर्षं घरोघरी हे पाहिलं गेलं, त्याचा परिणाम मी रोज कोर्टाच्या व्हरांड्यात पाहते.

अ-१०२ काका (१०:२०)
ताई, मी नागपूरच्या फॉरेन्सिक प्रयोगशाळेतून, म्हणजे गुन्ह्यांतले पुरावे तपासतात तिथून, निवृत्त झालो हे इथं बऱ्याच जणांना माहीत नाही, म्हणून जरा लांब लिहितो.

मी नोकरीला लागलो तेव्हा पाहुणे विचारायचे, “लॅबमध्ये म्हणजे रक्त-लघवी तपासता काय?” मी हो म्हणून विषय संपवायचो. मुलीच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा मी काय करतो हे व्याह्यांना समजावता समजावता चहा गार झाला होता. नंतर एके दिवशी बर्डीवर ऑटोवाल्यानं पत्ता ऐकून विचारलं, “साळुंखेवाली लॅब का जी?” मी म्हटलं, हो, साळुंखेवाली. साळुंखेंचं काम करणाऱ्या नरेंद्र गुप्तांना मी कधी भेटलो नाही, पण त्या माणसानं माझ्या कामाला नाव दिलं. हे उपकार मी विसरणार नाही.

आता खरं काम सांगतो, कारण लेकीनं ते जाणूनच जावं. साळुंखे नळीत दोन थेंब टाकतात, रंग बदलतो, विष सापडतं. आमच्याकडे शिपाई खेड्यातून एसटीनं पार्सल घेऊन यायचा. आत मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवलेला व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांचे नमुने. पहिल्यांदा झाकण नाही उघडायचं, सील पाहायचं. लाखेवरचा ठसा आणि पत्रासोबत आलेला सीलचा नमुना शेजारी शेजारी धरायचे. जुळले तरच पुढं. मग अर्क काढणं, तो आटवणं, मग सिलिकाचा पांढरा थर दिलेल्या काचेच्या पट्टीवर बारीक नळीनं ठिपका ठेवणं. द्रावण पट्टीवर चढत जातं, ठिपके वेगळे होतात, फवारा मारला की रंग धरतात. विदर्भातल्या बाटल्यांत काय निघायचं ते तुम्हाला माहीत आहे. कपाशीवर मारायचं कीटकनाशक. बाटली उघडताच वासावरून कळायचं, तरी वासावर रिपोर्ट देता येत नाही. प्रत्येक बाटलीमागं एक घर असतं, रिपोर्टची वाट पाहणारं. मालिकेत हे तीन मिनिटांत होतं. आमच्याकडे टेबलावर रांग असायची, आणि लोक म्हणायचे साळुंखेला जमतं, तुम्हाला काहून नाही जमत?

भाऊ, हातमोज्यांचं म्हणता, तर जानेवारीतली आपल्याच सोसायटीतली चोरी आठवा. पोलीस यायच्या आत वीसेक जण आत जाऊन आले. कपाटाच्या मुठीला सगळ्यांनी हात लावला, कोणी तर सांडलेलं सामान उचलून नीट ठेवलं. ठसेवाला आला तेव्हा त्याच्यासाठी काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं आपण मालिका पाहिली आणि एवढं एक शिकलो नाही, याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं. दार ओढून घ्यायचं, बाहेर थांबायचं, कोणाला आत जाऊ द्यायचं नाही. बस.

वकील ताईंचं शंभर टक्के पटतं. पण एक भर घालतो. थापड शेवटच्या दोन मिनिटांत येते. त्याआधी पाऊण तास ते लोक केस, धागा, चिखल, बुटाचा ठसा शोधत असतात. आमच्या लहानपणी सिनेमातला पोलीस आधी मारायचा आणि मग विचारायचा. घरातल्या बाईमाणसाला “पुरावा काय?” हा प्रश्न या मालिकेनं दिला. माझ्यासाठी तिची खरी कमाई ही आहे.

अ-२०१ काकू (१०:३१)
काकाजी, त्या दिवशी सामान उचलून ठेवणारी मीच होते. पसारा पाहवला नाही. माहीतच नव्हतं हो. पुन्हा नाही होणार.

अ-१०२ काका (१०:३३)
काकू, तुमचा दोष नाही. सांगायला हवं होतं आम्ही आधी.

क-१०३ दादा (१०:४०)
फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले. काही एपिसोड त्यांनी लिहिलेलेपण होते. २०१८ मध्ये बंद झालेली मालिका पुढच्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली तेव्हा मला त्यांची जागा रिकामी दिसली. मालिकेतल्या माणसासाठी मी पहिल्यांदाच रडलो.

ब-३०४ ताई (१०:५२)
काका, तुमचं लिहिलेलं मी मोठ्यानं वाचून दाखवलं घरात. सासूबाई गप्प ऐकत होत्या. आता एवढंच सांगा, पुढं नोकरी मिळेल काय?

अ-१०२ काका (११:०४)
हमी मी देणार नाही. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवीन कायदा लागू झाला. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत असं त्यात आहे, राज्यांनी टप्प्याटप्प्यानं करायचं. तेवढी माणसं लागतीलच. मालिका पाहून आली म्हणून कमीपणा मानू नका. रसायनशास्त्र पक्कं करा, आणि अक्षर सुवाच्य हवं. कोर्टात आपलंच लिहिलेलं वाचावं लागतं. मी गडचिरोलीच्या कोर्टात सहा वर्षांपूर्वीची स्वतःची नोंद वाचली आहे.

ब-३०४ ताई (११:१५)
काका, मी लेक लिहिते आहे, आईच्या फोनवरून. ते सील जुळवून पाहायचं मला दाखवाल का? आज संध्याकाळी येऊ?

अ-१०२ काका (११:१७)
ये बेटा. पाचनंतर ये. घरी लाखेची कांडी आहे, मेणबत्ती आहे, आणि माझं नाव कोरलेला जुना पितळी शिक्का आहे. येताना दोन रिकाम्या औषधाच्या बाटल्या आणि थोडा सुती दोरा घेऊन ये.