३० दिवसांची मुदत कुणाला लागते?
बॅकअपचं रिटेन्शन, म्हणजे जुन्या प्रती ठेवायची मुदत, ३० दिवसांवर ठेवलं तर दोन वर्षं हातही न लागलेली फाइल बॅकअपमधून उडेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही उडणार. फाइल सर्व्हरवर जागेवर आहे तोवर ताज्या बॅकअपमध्ये ती असतेच, तिचं वय कुणी बघत नाही. मुदत लागते ती जुन्या आवृत्त्यांना आणि मूळ जागेवरून डिलीट झालेल्या फायलींना.

खरी गोम इथेच आहे. फोर्टातल्या एखाद्या सीए ऑफिसात मार्चअखेर सर्व्हर भरतो आणि कुणीतरी शहाणा जुन्या क्लायंटचं फोल्डर उचलून एक्स्टर्नल डिस्कवर टाकतो. बॅकअपच्या लेखी ते डिलीटच! महिन्याभराने बॅकअपमधूनही साफ, मग उरते ती एकुलती एक डिस्क. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने आणि कंपनीची पुस्तकं ८ वर्षं जपायची, तिथे ३० दिवस कुठे पुरणार? वर्षअखेरीची एक प्रत वेगळ्या बॅकअप जॉबमध्ये (स्वतंत्र मुदत लावलेल्या बॅकअपमध्ये) लांब मुदतीने ठेवा.

मुदत घटवूनही जागा सुटत नाही म्हणालात. रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये 'फर्गेट' ही कमांड नुसते स्नॅपशॉट (त्या-त्या वेळच्या बॅकअपच्या नोंदी) काढून टाकते, त्यांचा डेटा तसाच राहतो. जागा मोकळी होते ती 'प्रून' ही कमांड चालवल्यावर.