नव्या बंगल्यासमोरचे लॉन पिवळे पडते आहे. माती कशी सुधारावी?

जास्वंदी
नमस्कार. नाशिकला आम्ही दोन वर्षांपूर्वी बंगला बांधला. पुढच्या सुमारे ५०० चौरस फूट जागेत मुरमाच्या भरावावर लाल माती पसरून त्यावर लॉनचे तयार गालिचे अंथरून घेतले. पहिले सहा महिने गवत दृष्ट लागावी असे होते. आता मात्र प्रत्येक नवे पाते पिवळे, काही ठिकाणी जवळजवळ पांढरट निघते, आणि कडेच्या जास्वंदीचीही तीच गत आहे. युरिया दोनदा दिला. त्याने गवत उंच झाले, पण रंग आला नाही. पाणी बोअरचे आहे आणि नळांवर त्याचे पांढरे थर धरतात. एकाने जिप्सम सुचवले, दुसऱ्याने गंधक, तिसऱ्याने वाळू मिसळायला सांगितले. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे?

वाफसा
ताई, तूर्त कोणाचेच ऐकू नका. पहार घेऊन कोपऱ्यातला वीतभर लॉनचा तुकडा उचला आणि खाली फूटभर खोल खड्डा करा. मुळे किती खोल गेली आहेत, कोणत्या थरापाशी ती आडवी वळली आहेत आणि पहार कुठे अडते, एवढे पाहिले तरी निम्मे उत्तर मिळते. मग तो खड्डा पाण्याने भरून पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. तासाला १ ते ३ इंच उतरत असेल तर निचऱ्याची काळजी नको. इंचभरही उतरत नसेल, तर खाली रोलरने दाबलेला मुरूम तसाच बसलेला आहे आणि वरून घातलेले कोणतेही खत त्या ताटलीतच राहणार आहे, असे समजावे.

मृद्गंध
वरील सल्ला योग्य आहे. त्यासोबत मातीची तपासणीही करून घ्यावी. पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डे घेऊन त्यांच्या एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने तासून काढावी. ती सावलीत वाळवून एकत्र करावी, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहावे. नुकतेच खत घातलेली जागा मात्र वगळावी. कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात ही तपासणी होते. सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी याचे माप), क्षारता (विरघळलेले क्षार) आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारा कार्बन) यांच्यासोबत मुक्त चुनखडीचे प्रमाणही आवर्जून मागावे, कारण आपल्या प्रश्नाचे मूळ तिथेच असावे असे मला वाटते.

पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे, हेही महत्त्वाचे आहे. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र नव्यांना देते, म्हणून आधी खालची पाने पिवळी पडतात. लोह मात्र झाडात सहज हलत नाही, त्यामुळे त्याची उणीव कोवळ्या पानांवर दिसते: शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. जास्वंदीचे शेंड्याचे पान उजेडात धरून पाहावे, लगेच ओळखता येईल.

जांभादगड
आमच्या रत्नागिरीच्या बागेत आम्ही दर दोन-तीन वर्षांनी थोडा चुना घालतो, त्याने फरक पडतो. तुम्हीही करून पाहा.

मृद्गंध
कृपया तसे करू नये. जांभ्याची माती आम्लधर्मी असते, म्हणून तिथे चुना उपकारक ठरतो. नाशिकच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या जमिनीत तो आधीच भरपूर असतो आणि बोअरच्या पाण्यातून त्यात रोज भर पडते.

जास्वंदी
सर्वांचे आभार. खड्डा केला. लॉनचा तुकडा गोधडीसारखा अलगद उचलला गेला, कारण मुळे जेमतेम दोन इंच जाऊन तिथेच गुंता करून बसली होती. लाल मातीखाली गिलाव्याचे तुकडे, सिमेंटच्या खपल्या आणि पहारेला ठण्ण आवाज देणारा मुरूम निघाला. पाणी तासाभरात पाऊण इंच उतरले. तपासणीत सामू ८.३, क्षारता ०.४, सेंद्रिय कर्ब ०.३२ टक्के आणि मुक्त चुनखडी ८ टक्के आली. विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेले) सोडियम कमी आहे. जास्वंदीच्या शिरा हिरव्याच आहेत.

वाफसा
म्हणजे निदान झाले: चुनखडीमुळे लोह मिळत नाही आणि दाबलेल्या मुरमामुळे मुळे खाली जात नाहीत. आता तिन्ही सल्ले तपासू.

जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम साठून बिघडलेल्या जमिनीसाठी असते. त्यातले कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला हटवते. आपल्याकडे सोडियम नाही आणि कॅल्शियम उतू जाते आहे, तेव्हा ते पैसे वाचवा. गंधकाचा हिशेब स्वतः करून पाहा. ५०० चौरस फुटांत १५ सेंटिमीटर खोलीची माती अंदाजे ९ टन भरते, त्यात ८ टक्क्यांनी सातशेहून अधिक किलो चुनखडी होते, आणि सामू उतरण्याआधी ती निष्प्रभ करायलाच सव्वादोनशे किलोंवर गंधक लागेल. वाळूचे तर नावच काढू नका. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली की विटेसारखा गोळा होतो, आणि फरक पडेल इतकी घालायची तर निम्मी बाग वाळूचीच करावी लागेल.

लोह मातीत टाकल्यास चुनखडी ते लगेच अडकवते, म्हणून फवारणी करावी. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल घालून संध्याकाळी फवारा आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा द्या. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग जन्मभर राहतात (आमचा व्हरांडा साक्षीला आहे). हा मात्र तात्पुरता उपाय आहे.

खरे काम कर्ब वाढवण्याचे आणि मुरूम फोडण्याचे आहे. लॉन सगळे उखडायची तयारी नसेल, तर वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, चार-चार इंचांवर पहारेने शक्य तितकी खोल भोके पाडा आणि त्यांत चाळलेले कंपोस्ट झाडूने लोटा. वर अर्धा इंच थर द्यायला साधारण २१ घनफूट, म्हणजे पाव ब्रासपेक्षा थोडे कमी, खत लागेल. जून आणि ऑक्टोबर असे वर्षातून दोनदा हे करा. चिखलात पहार मारू नका, भोकांच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळे आत शिरत नाहीत. शेणखत घेताना मूठभर हुंगून पाहा. वास येत असेल तर ते कच्चे आहे, आणि त्यासोबत हुमणीच्या अळ्या व तणाचे बी आणण्यापेक्षा घरच्या पाचोळ्याचे खत कितीतरी बरे.

कडेचे वाफे मोकळे असतील तर जूनमध्ये तिथे ताग पेरा आणि फुले येण्याच्या सुमारास, साधारण ४५ दिवसांनी, गाडून टाका. गच्चीवरचे पावसाचे पाणी टाकीत साठवता आले तर जास्वंदीला तेच द्या.

जास्वंदी
धन्यवाद. पहार शेजाऱ्यांकडून आणली आहे. गिलाव्याचे तुकडे वेचायला सुरुवात केली; एका वाफ्यातून दोन घमेली निघाली.