स्वादुपिंडाचा कॅन्सर: डी व्हिटॅमिन ९, सीआरपी ४६. सल्ला हवाय (कोल्हापूर)

कळंब्याची_लेक
नमस्कार मंडळी. बाबांना (६४) स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागाचा कॅन्सर आहे. कावीळ झाली तेव्हा पित्तनळीत स्टेंट टाकला, आता केमोच्या तीन सायकली झाल्यात. परवाचा रिपोर्ट: डी व्हिटॅमिन ९, म्हणजे फारच कमी, सीआरपी (आतली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ४६, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) ३.१. डीची ६०,००० युनिटची पुडी आठ रविवार दुधातून दिली, तरी ८ चं ९ च झालं. पाहुणे म्हणतात, डीचं ६ लाख युनिटचं इंजेक्शन एकदाच द्या, आतली सूजपण उतरेल. बाबा तालमीतले, गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन वाढलेले. आता त्यांचं मनगट माझ्यापेक्षा बारीक झालंय. काय करू? आणि आहारतज्ज्ञ कुठं गाठू?

राजारामपुरीकर
ताई, आधी एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. शौचाला कसं होतंय? फिकट, तेलकट, दोनदा पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहणारं?

कळंब्याची_लेक
हो दादा, अगदी तसंच. तेलाचा तवंग दिसतो. आम्ही केमोमुळं समजत होतो.

राजारामपुरीकर
माझ्या आईचं हेच झालं होतं. डी चरबीत विरघळणारं आहे. चरबी पचवायला स्वादुपिंडाचा रस लागतो आणि तुमच्या बाबांची ती वाटच गाठीनं अडलेली असणार. मग पुडी पोटात जाते आणि बरीचशी तशीच बाहेर पडते. डॉक्टरांना एन्झाइमच्या कॅप्सूलबद्दल विचारा. आईला जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर एक आणि मध्येच दुसरी, अशा सांगितल्या होत्या. चावायच्या नाहीत. दुधाच्या पेल्यालाही लागते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ही कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. घरात कुणाला चालत नसेल तर आधीच बोलून घ्या. आमच्या आजीनं दोन दिवस अन्न शिवलं नव्हतं.

आहार_सल्लागार_शाहूपुरी
वरचं अगदी बरोबर. आता सुजेचं. या आजारात डी कमी आणि सीआरपी जास्त हे बरेचदा जोडीनं दिसतं, त्यामुळं डी भरलं की सूज जाईल असं वाटणं साहजिक आहे. पण उलटंही घडतं: शरीरात सूज पेटली की रक्तातला डीचा आकडा त्यामुळंच खाली येतो. म्हणून ९ मधलं किती खरं कमी आणि किती सुजेमुळं, हे एका रिपोर्टवरून कळत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलं की डीचा बदललेला एक प्रकार गाठीभोवतीचं राठ आवरण सैल करतो आणि केमोचं औषध आत जास्त पोचतं. ते औषध वेगळं, आपली पुडी वेगळी. पुडी द्यायची ती हाडांसाठी, स्नायूंसाठी. तेही कमी मोलाचं नाही.

इंजेक्शन डॉक्टरांना न विचारता नको. केमोत प्लेटलेट खाली असतील तर दंडात रक्त साकळतं. कॅल्शियमही आधी तपासायला हवं.

आणि ताई, स्टेंट असताना सीआरपी ४६ म्हणजे आधी जंतुसंसर्ग नाही ना ते बघायचं. थंडी वाजून ताप आला, डोळे पुन्हा पिवळे दिसले तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. आहारतज्ज्ञ जिथं केमो चालू आहे तिथलाच विचारा, त्याला सगळे कागद एका जागी मिळतात.

लक्ष्मीपुरी_४१६००२
चरबी बंद करू नका, एवढंच सांगतो. आम्ही वडिलांचं तूप तोडलं आणि महिन्यात चार किलो गेले.

कळंब्याची_लेक (तीन आठवड्यांनी)
मंडळी, कॅप्सूल सुरू झाल्या. ताप नव्हता, तरी डॉक्टरांनी स्टेंट तपासला, ठीक आहे. पुडी आता रविवारी दुपारच्या जेवणात, कॅप्सूलबरोबर. इंजेक्शन नको म्हणाले. डी तीन महिन्यांनी परत बघायचं. वजन दीड किलोनं वाढलंय. काल बाबांनी स्वतःहून पांढरा रस्सा मागितला, अर्धी वाटी संपवली आणि दुसरी कॅप्सूल कुठाय म्हणून मलाच विचारलं.