भाचीच्या इंजिनिअरिंगसाठी कोणतं रँकिंग धरावं? (नागपूर)

हिंगण्याचा_मामा: कॅपचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरायचा आहे. कॉम्प्युटर, नागपुरातच, फी वर्षाला सव्वा लाखाच्या आत. एनआयआरएफ (केंद्र सरकारचं रँकिंग), क्यूएस (ब्रिटिश कंपनीचं) की मासिकांच्या याद्या?

बर्डी_एक्सप्रेस: क्यूएस. जगभर चालते. अन् पुण्यालाच पाठवा, चार लाख लागले तरी वसूल होतात.

तक्ताबाई: मामा सव्वा लाख म्हणताहेत, चार नाही. क्यूएसमध्ये ३० टक्के गुण प्राध्यापकांच्या मतांना, १५ टक्के कंपन्यांच्या मतांना. मत देणाऱ्याला गेल्या वर्षीची यादीच आठवते, म्हणजे यादीच यादीला मत देते. नागपूरच्या खासगी कॉलेजबद्दल त्यातून काय कळणार? एनआयआरएफ बघा, पण क्रमांक सोडून. कॉलेजनं भरलेली पीडीएफ त्यांच्याच वेबसाइटवर असते. प्रवेश किती, वेळेत पास किती, नोकरी किती जणांना, हे आकडे शेजारी मांडा. पगाराचा मध्यक, म्हणजे ओळीत मधोमध येणारा पगार, फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. १२० पैकी २० जणांनाच लागली, तरी तो सात लाख दिसू शकतो.

राजेहो: सगळे आकडे कॉलेजच भरते बे! काऊन भरोसा ठेवायचा?

जुना_आयक्यूएसी: सगळे नाही. शोधनिबंध स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या बाहेरच्या डेटाबेसमधून मोजतात. शिक्षकांचे आकडे मात्र कॉलेजचेच. १५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असला की पूर्ण गुण, ५० च्या वर गेलं की शून्य. कागदावरचे शिक्षक दाखवायचा मोह तिथूनच. पीडीएफमधली नावं विभागाच्या टाइमटेबलशी ताडा. हा काही नागपुरी आजार नव्हे. अमेरिकेत पदवीनंतर नऊ महिन्यांनी नोकऱ्या मोजायचे, तर काही लॉ स्कूलांनी आपलेच पदवीधर तात्पुरते कामावर घेतले. रँकिंगपायी लॉ स्कूलं कशी बदलली, यावर एस्पेलँड आणि सॉडर यांचा २००७ चा निबंध आहे.

बर्डी_एक्सप्रेस: मग टाइम्स हायर एज्युकेशन तरी?

तक्ताबाई: २०२० मध्ये सात आयआयटींनी त्यावर बहिष्कार टाकला होता. गुण कसे देता ते उघड करा, एवढंच मागणं होतं.

धरमपेठकर: माझंही तेच, पीडीएफ बघा. अन् एनआयआरएफमध्ये शंभरानंतर १०१-१५० असा नुसता गट असतो. जाहिरातीत कोणी ‘देशात १०१ वा’ छापलं असेल तर हसा आणि पान उलटा.

राजेहो: १०१-१५० मधलं कॉलेज सव्वा लाखात भेटते का पण?

हिंगण्याचा_मामा: सगळ्यांचे आभार. पीडीएफ भाचीला दाखवल्या. तिनं लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनपासून जवळचं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं. फॉर्म लॉक केला.