बी-३०४ च्या गीझरचा व्हॉल्व्ह आणि आपली घरगुती डागडुजी

सचिव (ए-४०४)
सर्व सभासदांना नमस्कार. काल सकाळी बी विंगच्या डक्टमधून पाणी वाहत असल्याचे वॉचमनने कळवले, तेव्हा बी-३०४ ला कुलूप होते आणि बी-२०४ च्या बाथरूमच्या छतातून धार लागली होती. गच्चीवर जाऊन त्या लाइनचा कॉक बंद केल्यावर गळती थांबली. दुपारी प्लंबरने पाहिले तेव्हा गीझरकडून मिक्सरकडे जाणारा गरम पाण्याचा कनेक्शन पाइप फाटलेला आढळला आणि गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचे तोंड एम-सीलने पूर्ण बुजवलेले दिसले. हे कोणावर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. परंतु घरच्या घरी केलेल्या दुरुस्तीचा त्रास खालच्या किंवा शेजारच्या घराला होण्याची ही पहिली वेळ नाही, म्हणून या विषयावर ग्रुपवर एकदा नीट बोलावे असे वाटते. सुप्रभातचे फोटो आजच्यापुरते कृपया राहू द्यावेत.

बी-३०४
एम-सील मीच लावले होते, हे आधी कबूल करतो. नवा गीझर बसवून दीड महिना झाला होता आणि रोज सकाळी तो लावला की त्या पितळी तोंडातून टपटप पाणी पडायचे. खाली ठेवलेल्या मगमध्ये बोटभर पाणी साचलेले पाहून मंडळी मला रोज आठवण करून देत असत. गळते तिथे बुजवावे, एवढेच मला सुचले. रविवारी तोंड कोरडे करून, दोन्ही वड्यांचा रंग एक होईपर्यंत मळून, तो गोळा अंगठ्याने आत दाबला आणि ओल्या बोटाने वरून गुळगुळीतही केला. काम इतके सफाईदार झाले होते की मी त्याचा फोटो भावांच्या ग्रुपवर टाकला. पुढचे अकरा दिवस एक थेंब पडला नाही. बाराव्या दिवशी निघण्याच्या घाईत गीझर चालूच राहिला, आणि पुढचे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. ताई, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमा मागतो.

बी-२०४
दादा, क्षमा मागितलीत यातच सर्व आले, पण काय झाले ते मी सांगते, कारण ते इतरांच्याही उपयोगाचे आहे. आमच्या बाथरूमला पीओपीचे खोटे छत आहे. पाणी आधी त्यावर साचले आणि मग दिव्याच्या गोल भोकातून खाली आले. दिवा चालू होता. मी बादली घेऊन धावले, पण आत पाऊल टाकण्याआधी सुचले म्हणून परत फिरून त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह गेला की वीज तोडणारा स्विच, पाडला आणि मगच बादली ठेवली. पंधरा मिनिटांनी छताचा ताटाएवढा तुकडा कोसळला. आता सचिवांना माझा सरळ प्रश्न आहे की हा खर्च कोणी करायचा?

सचिव (ए-४०४)
ताई, गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी येत असेल तर ते काम सोसायटीचे असते. संडास, मोरी, सिंक यांतून होणारी अंतर्गत गळती ज्याच्या घरातून होते त्या सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, असे आदर्श उपविधींत आहे. छताचा खर्च आपण दोघांनी समोरासमोर बसून ठरवावा, हे उत्तम. मी सोबत बसेन.

बी-३०४
बसायचीही गरज नाही. छत मी करून देतो. फक्त मला एवढे समजून घ्यायचे आहे की मी पाणी बुजवले एका टोकाला आणि पाइप फाटला दुसऱ्याच टोकाला, हे कसे झाले?

ए-७०२
हे मी सांगू शकेन, कारण कारखान्यात माझी बरीच वर्षे प्रेशर व्हेसलच्या सहवासात गेली. आपला गीझर १५ लिटरचा आहे. २० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापवले की ते साधारण दीड टक्क्याने फुगते, म्हणजे १५ लिटरमागे जवळपास सव्वादोनशे मिलिलिटर पाणी जास्तीचे होते. टाकी लोखंडाची आहे, ती फुगत नाही. पाणीही दाबले जात नाही. पूर्वी हे जास्तीचे पाणी आल्या वाटेने मागे सरकत असे, परंतु आताच्या गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी जो पितळी व्हॉल्व्ह असतो, तो दोन कामे करतो. गरम पाणी मागे लाइनमध्ये जाऊ देत नाही आणि आतला दाब ठरावीक आकड्याच्या वर गेला की थोडे पाणी बाहेर सोडतो. उंच इमारतींसाठीच्या बहुतेक गीझरांवर हा आकडा ८ बार (बार हे दाबाचे एकक) असतो. वरच्या टाकीपासून आपल्या बाथरूमपर्यंत उंचीचा फरक सुमारे २५ मीटर आहे, म्हणजे गीझर थंड असतानाच आत अडीच बारच्या आसपास दाब असतो. अडीचवरून आठवर जायला बंद टाकीतल्या पाण्याला फार वेळ लागत नाही. म्हणून नळ न उघडता गीझर तापला की तो टपकतो. आपल्या मगमध्ये जमणारे बोटभर पाणी म्हणजे गीझर उत्तम चालल्याची खूण होती.

आपण ती वाट बंद केलीत. मागे जायला जागा नाही, बाहेर पडायला जागा नाही, म्हणून दाब रोज थोडा वेळ आठच्या पुष्कळ वर जात राहिला आणि आपण नळ उघडला की उतरत राहिला. त्या दिवशी नळ उघडायला घरात कोणी नव्हते. व्हॉल्व्हच्या अलीकडचा पाइप वाचला, कारण तो या कोंडमाऱ्याच्या बाहेर आहे. गरम पाण्याकडचा पाइप मात्र टाकीच्याच दाबाखाली असतो, आणि त्याचे आतले रबर सगळ्यांत कच्चे होते. ते फाटले, हे आपले नशीब समजा. पाइप धड असता आणि त्यात थर्मोस्टॅटही अडकला असता, तर गोष्ट टाकीवर आली असती.

बी-५०१
हे वाचून मला आमच्या चाळीतला प्रसंग आठवला. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला होता आणि नवा आणायला दुकान बंद, म्हणून शेजारच्या एका हुशार वहिनींनी त्या भोकात कणकेचा गोळा दाबून डाळ लावली. कणीक भाजून अशी कडक झाली की शिटी अडकल्यावर झाकणच सुटले. डाळ छताला होती, आणि वहिनी त्या क्षणी पाण्याच्या नळावर होत्या म्हणून वाचल्या.

सी-१०१
सर्वांचे म्हणणे पटते, परंतु आता या निमित्ताने घरात कोणी पाना हातातच धरू नये असा सूर लागेल, त्याला माझा विरोध आहे. मी चाळीस वर्षे घरातली कामे स्वतः करतो. नळ ठिबकतो म्हणून प्लंबरला बोलावले, तर तो यायलाच चार दिवस लावतो आणि पाच रुपयांचे वायसर बदलून तीनशे रुपये नेतो. जुन्या पितळी नळाचे वायसर बदलणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. खालचा अँगल कॉक बंद करावा, नळ उघडून उरलेले पाणी काढून टाकावे, वरचे मुंडके पान्याने सोडवावे, आणि वायसर काढण्यापूर्वी मोरीच्या जाळीवर फडके टाकावे, कारण तो इवलासा स्क्रू हमखास तिथेच पडतो. वायसर बदलूनही नळ ठिबकला तर आतली बैठक खरवडलेली आहे असे समजावे. मग जोराने पिळून उपयोग नसतो, उलट नवे वायसरही कापले जाते. हल्लीच्या पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळांत वायसर नसते, पूर्ण स्पिंडल बदलावा लागतो, आणि जुना हातात घेऊन दुकानात गेल्याशिवाय तो बरोबर मिळत नाही.

टेफ्लॉन टेपबद्दलही सांगतो. आमच्या लहानपणी सुतळी आणि सफेदा असे. आता टेप आली, पण निम्मे लोक ती उलटी गुंडाळतात. आटे आपल्या तोंडाकडे धरून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून, सात-आठ वेढे द्यावी. उलटी दिली तर नळ बसवताना ती गोळा होऊन बाहेर येते, आणि मग लोक त्यावर एम-सील थापतात.

ए-६०३
काका, पाण्याच्या कामात आपला हात कोणी धरणार नाही, परंतु विजेच्या बाबतीत आमच्या घरची गोष्ट ऐका. आमच्या स्वयंपाकघरातल्या एका प्लगवर एक्स्टेंशन बोर्ड होता आणि त्यावर इंडक्शन शेगडी, ओव्हन आणि चहाची किटली. तिन्ही एकदम लागले की १६ अँपिअरचा एमसीबी पडायचा. ह्यांनी इंटरनेटवर पाहून तिथे ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला, आणि खरोखर तो पडायचा थांबला. महिनाभराने दुपारी घरात सुकट भाजल्याचा वास येऊ लागला. आमचे घर शाकाहारी, म्हणून मी खालच्या मजल्यावरच्यांना मनातल्या मनात नावे ठेवत होते. तिसऱ्या दिवशी प्लगला हात लावला तर तो तव्यासारखा तापलेला. बोर्ड उघडल्यावर मागची वायर तपकिरी होऊन तिचे आवरण बिस्किटासारखे तुटत होते. नंतर हिशेब केला, तेव्हा २०००, १४०० आणि १५०० मिळून ४९०० वॉट झाले. २३० ने भागले की २१ अँपिअरच्या वर जाते. जुना एमसीबी बरोबरच पडत होता, आणि तो वायरीसाठी होता, आमच्या सोयीसाठी नव्हता. प्लगमधून येणारा तो वास म्हणजे तापलेल्या प्लास्टिकचा असतो, हे मला तेव्हा समजले.

याच घरात पंख्याचा कंडेन्सर मात्र मी स्वतः बदलला. पंखा गुणगुणत राही आणि काठीने ढकलल्याशिवाय फिरत नसे. जुन्यावर २.५ मायक्रोफॅराड लिहिले होते, तेवढ्याच आकड्याचा आणला. फक्त मेन बंद केला होता, भिंतीवरच्या बटणावर विसंबले नव्हते, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर असते.

सी-५०५
मी भाडेकरू आहे, तरीही विचारतो. आमच्या घरी आठवड्यातून दोनदा पूर्ण घराची वीज जाते, कारण आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडतो. आलेल्या वायरमनने सांगितले की तो संवेदनशील आहे, बायपास करून देतो. करून घ्यावे का?

ए-७०२
अजिबात करून घेऊ नका. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांतला फरक मोजतो, आणि घरगुती यंत्रात तो फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचण्याआधीच बहुधा पडतो. हा फरक म्हणजे वीज कुठून तरी जमिनीत चालली आहे, आणि ती वाट उद्या आपल्या अंगातून असू शकते. आपण स्वतः एवढे करू शकता: सर्व एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्याच्याबरोबर आरसीसीबी पडेल, त्या लाइनवरची सगळी उपकरणे प्लगमधून काढून पुन्हा पाहा. माझा अंदाज गीझर किंवा वॉशिंग मशीन असा आहे. गीझरचे कॉइल आतून चिरले की अशीच लक्षणे दिसतात. दोष कुठे आहे हे शोधणे आपले काम, काढणे लायसन्सवाल्याचे.

सी-१०१
साहेब, मग मला एक सांगा. त्या व्हॉल्व्हचे पाणी रोज सकाळी फरशीवर पडत राहणार, आणि बी-३०४ च्या मंडळी रोज आठवण करून देत राहणार. त्यावर काही तोड आहे की नाही?

ए-७०२
आहे, आणि ती आपल्यासारख्या माणसानेच करावी अशी आहे. हार्डवेअरच्या दुकानात पारदर्शक पीव्हीसी नळी मीटरवर मिळते. व्हॉल्व्हच्या तोंडावर घट्ट बसेल अशा मापाची घ्या, क्लिप लावा आणि सतत उतार ठेवून भिंतीच्या कडेने नाहणीपर्यंत आणा. नळीचे खालचे टोक उघडे राहिले पाहिजे. ते बादलीतल्या पाण्यात बुडवू नका, त्याला गाठ मारू नका आणि मध्ये कॉक बसवू नका. व्हॉल्व्हला दांडी असेल तर महिन्यातून एकदा ती उचलून थोडे पाणी जाऊ द्या, म्हणजे क्षार बसून तो अडकत नाही. मात्र हे गीझर बंद आणि पाणी थंड असताना करा. गीझर बंद असतानाही व्हॉल्व्ह सतत ठिबकत असेल, तर त्यात कचरा अडकला आहे किंवा तो संपला आहे, तेव्हा बदला. आणि त्यातून वाफ किंवा उकळते पाणी येऊ लागले, तर सर्वांत आधी वीज बंद करा.

सचिव (ए-४०४)
ही माहिती मी छापून दोन्ही लिफ्टमध्ये लावतो. या रविवारी सकाळी ए-७०२ चे काका आणि सी-१०१ चे काका ज्यांची इच्छा असेल त्यांच्या घरी येऊन गीझरचा व्हॉल्व्ह पाहतील, अशी दोघांनीही संमती दिली आहे. गॅसच्या नळीला चिकटपट्टी लावलेली असल्यास त्यांची वाट पाहू नये, आजच रेग्युलेटर बंद करून नळी बदलावी. वास येत असेल तर १९०६ वर फोन करावा.

बी-३०४ (रविवारी)
नवा व्हॉल्व्ह, नवा पाइप आणि नाहणीपर्यंत नळी बसली. सी-१०१ च्या काकांनी उताराला लेव्हल लावून पाहिली, त्यामुळे भिंतीला दोन छिद्रे जास्तीची पडली आहेत. आज सकाळी २१ मिनिटांनी गीझरचा दिवा गेला, तोवर नळीखाली औषधाचा मोजमाप पेला धरून हीच उभी होती. एकूण १९० मिलिलिटर भरले.

ए-७०२
माझ्या हिशेबापेक्षा थोडे कमी आहे. टाकीतले पाणी आधीच जरा कोमट असणार.

बी-२०४
ते गेल्या आठवड्यात आमच्याकडे आलेलेही धरायचे असेल, तर हिशेब पुष्कळ जास्त होईल. पीओपीवाला मंगळवारी येतो आहे, दादा, रंग तुमच्या पसंतीने ठरवू या.